‘हो’ नावाचं फोल्डर

हेडफोन कानाला लावून तिनं पहिली फाइल सुरू केली आणि तिच्या कानात कुणीतरी शिंकलं.

साधीसुधी नव्हे, चांगली दणदणीत शिंक. ती खुर्चीतच दचकली. पडद्यावर एक नवरी स्टेजच्या पायऱ्या चढत होती, आणि इकडे तिच्या कानाशी एक पुरुषी आवाज म्हणत होता, “सॉरी हं, अण्णा. फुलांची ॲलर्जी आहे आणि पोट फुलांवरच आहे, करणार काय? आणि हा शॉट हलला म्हणून मला शिव्या घालू नका. नवरदेवाच्या मामांनी ढकललं. मामा कसला, रोडरोलर आहे नुसता!”

तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून खरोखरच एक भलीमोठी पाठ सरकली आणि चित्र गदागदा हललं. ती इतक्या मोठ्यानं हसली की बाहेरच्या काउंटरवरून स्टुडिओचे मालक आत डोकावले.

तिचा तो नोकरीचा पहिला दिवस होता. लग्नाच्या फिल्म कापायच्या आणि जोडायच्या, हे काम. खोली अरुंद, तीत दोन पडदे, एक कुरकुरणारा पंखा आणि अण्णांची जुनी खुर्ची. तिच्या आधी हे काम करणारे अण्णा डोळ्यांनी थकले म्हणून घरी बसले होते, आणि ही बातमी परगावी लग्नांचं चित्रण करणाऱ्या कॅमेरामनपर्यंत अजून पोचली नव्हती.

आता हे सांगायला हवं की लग्नाच्या फिल्ममध्ये कॅमेऱ्यानं टिपलेला आवाज शेवटी ठेवत नाहीत. त्याच्यावर संगीत घालतात. त्यामुळे कॅमेऱ्यामागचा माणूस काय पुटपुटतो ते जगात एकच माणूस ऐकतं, ते म्हणजे कापणारं.

“तो होय?” मालक म्हणाले, “तो आमची शिडी. उंच जागेवरून शॉट घ्यायला बाकीच्यांना शिडी लागते, त्याला तो स्वतःच पुरतो. बडबड्या आहे, पण हात सोन्याचा. तू लक्ष देऊ नकोस.”

लक्ष देऊ नकोस म्हटलं की माणूस नेमकं कुठे लक्ष देतं, ते काय वेगळं सांगायचं?

तयार फिल्म शिडीकडे परत पाठवायची असे. तिनं ती पाठवताना फोल्डरला नाव दिलं – ‘रोडरोलर कापला. अण्णा नाहीत.’ पुढच्या लग्नाचं चित्रण आलं, त्यात सुरुवातीलाच तो हबकलेला आवाज होता. “अरे बापरे... अण्णा नाहीत? मग मी आजवर जे जे बोललो ते कोणी... अहो, तुम्ही कोण?” तिनं पुढच्या फोल्डरचं नाव ठेवलं – ‘कात्री’.

झालं! तेव्हापासून ती कात्रीबाई आणि तो शिडी. तो चित्रणात बोलायचा, ती फोल्डरच्या नावात उत्तर द्यायची. कधी ‘आज सर्दी कमी आहे’, कधी ‘आत्याबाईंवर एवढा वेळ कॅमेरा का’, तर कधी नुसतंच ‘हसले’. एकदा त्यानं विचारलं, “कात्रीबाई, तुम्ही दिसता कशा?” तिनं लिहिलं, ‘बुटकी.’ पुढच्या चित्रणात एक मोठा उसासा, आणि मग, “चला! म्हणजे मान खाली घालायची सवय आता लागणार म्हणायची.”

त्या वाक्यावर ती दोनदा मागे गेली. मग पंखा लावला. खोलीत तसं काही उकडत नव्हतं.

सुरुवातीला चित्रणाची डिस्क कुरिअरनं यायची. एकदा ती वाटेत आपटली आणि अर्ध्या लग्नाचं पाणी झालं. मालकांनी आकाशपाताळ एक केलं. त्यावर शिडीनं तोड काढली ती फाइल-शेअरिंगच्या सॉफ्टवेअरची. त्याचं मशीन चालू, तिचं मशीन चालू, आणि मोठ्यात मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी सरळ इकडून तिकडे. ते समजावायला त्यानं पहिल्यांदा फोन केला. हेडफोनमधला आवाज फोनवर जरा लाजरा वाटत होता.

“हे बघा कात्रीबाई, तुमचं मशीन म्हणजे तुमचं घर. हे सॉफ्टवेअर घराचं दार उघडतं. जगभरातली माणसं ते वापरतात, एकमेकांच्या घरात शिरून काय काय नेतात. आपण अख्खं घर उघडं टाकायचं नाही. एकच खोली उघडायची. तिचं नाव ‘देवघेव’. बाकी सगळ्याला कुलूप.”

“आणि त्या खोलीत कोण येणार?”

“फक्त मी.”

बोलून गेला आणि स्वतःच चपापला. तारेत नुसती खरखर.

“म्हणजे... सेटिंगमध्ये तसं करायचं,” तो घाईघाईनं म्हणाला. “नवीन फोल्डर टाकलं की ते विचारतं, कुणाला दिसावं? आणि ‘सगळ्यांना’वर आधीच खूण करून ठेवलेली असते. लबाड आहे ते! दर वेळी ती खूण काढायची आणि ‘फक्त या मित्राला’ करायचं. काम झालं की सॉफ्टवेअर बंद. विसरू नका हं. एकदा बाहेर गेलं की गेलं. तुकडे होऊन शंभर घरांत जाऊन बसतं.”

“सांडलेल्या दुधासारखं.”

“दूध निदान पुसता तरी येतं,” तो म्हणाला.

तिनं सगळं नीट ऐकलं, आणि आठवड्याच्या आतच पराक्रम केला. नवरीच्या निरोपाच्या प्रसंगाला बासरी हवी होती. त्याच सॉफ्टवेअरवर कुणा अनोळख्याकडे फुकट मिळाली. उघडली, तर बासरी राहिली बाजूला, पडद्यावर केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिराती नाचायला लागल्या. एक बंद करावी तर चार नव्या. तिनं रडवेल्या आवाजात फोन लावला.

“आधी नेटची तार उपट,” तो म्हणाला. घाईत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते दोघांनाही कळलं, पण कुणी दुरुस्त केलं नाही. “आता सांग, फाइलच्या नावाच्या शेवटी काय होतं?”

“बघितलंच नाही रे.”

“बघायचं! गाण्याचं शेपूट वेगळं, प्रोग्रॅमचं वेगळं. बासरीच्या नावाखाली चोर घरात घेतलास. शिवाय कुणाच्या तरी मेहनतीचं फुकट उचललंस ते वेगळंच. आपलं काम असं कुणी नेलं तर आवडेल?”

“चुकले म्हणते ना! आता काय करू?”

“अँटिव्हायरस चालव. सगळं मशीन तपासायला वेळ लागेल. मी आहे फोनवर.”

मशीन तपासून होईपर्यंत दुपार कलली. त्या दुपारी तिला कळलं की तो मावशीकडे वाढला, की त्याला गर्दीत एकटं वाटतं म्हणून तो कॅमेऱ्याशी बोलायला लागला. आणि त्याला कळलं की ती दादा-वहिनींकडे राहते, लोकांची लग्नं जोडता जोडता स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की उठून भांडी घासायला जाते. तपासणी संपल्याची घंटी वाजली तेव्हा दोघांनाही ती जरा लवकरच वाजली असं वाटलं.

मग एकदा तो लेन्स दुरुस्तीला द्यायला स्टुडिओत आला. तिच्या खोलीचं दार ठेंगणं. आत पाऊल टाकलं आणि त्याचं कपाळ चौकटीवर असं आपटलं की मालक बाहेरून म्हणाले, “काय पडलं?”

“शिडी,” ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

तो कपाळ चोळत बघतच राहिला. एरवी तोंडाचा पट्टा बंद न होणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं चहाचा कप रिकामा केला आणि नंतरही बराच वेळ तो रिकामा कप तोंडाला लावत राहिला. जाताना एवढंच म्हणाला, “बुटकी म्हणालीस. छान दिसतेस ते नाही म्हणालीस.”

वहिनीच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. “आरशासमोर हल्ली फार वेळ जातो. कोण आहे गं?”

“कुणी नाही.”

“मग त्या कुणी-नाहीला एकदा जेवायला आण. दादाला मी बघते.”

तिचं एक गुपित मात्र वहिनीलाही ठाऊक नव्हतं. कापायचं काम तिचं, पण शिडीचा आवाज तिनं कधी फेकला नव्हता. त्याची प्रत्येक शिंक, प्रत्येक टोमणा तिनं वेगळा काढून जपला होता. कंटाळा आला की ती त्यातलं एखादं लावायची आणि एकटीच हसायची. प्रेमात पडलेलं माणूस कशाचा साठा करील याचा नेम नाही.

आणि मग ते चित्रण आलं. रिकामा पॅसेज, पलीकडे बंद होत आलेलं एक दार, आणि त्याचा अगदी खालचा आवाज.

“कात्री... आत नवरी तयार होतेय. मी बाहेर बसलोय, पाय दुमडून, कारण पाय ठेवायला जागाच नाही. ऐक. लग्नात प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक क्षण येतो. आपलं माणूस समोर दिसलं की येतो. तो पकडायचे मला पैसे मिळतात. त्या दिवशी तुझ्या दारात माझं डोकं आपटलं ना, तेव्हा तो माझ्या चेहऱ्यावर आला होता. काढायला कुणी नव्हतं...” इथे तो थांबला. मग म्हणाला, “मला तुझ्याबरोबर राहायचंय. कायमचं. हे कापू नकोस. नाही – काप. पण ऐकून काप.”

तिनं ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. पंखा चालू आहे की बंद, हेसुद्धा तिला सांगता आलं नसतं.

उत्तर तर एका अक्षराचं होतं. पण फोनवर म्हणायचं म्हणजे तोंडानं म्हणायचं, आणि तेच तिच्याच्यानं होईना. तिनं आपला नेहमीचा रस्ता धरला. एक नवीन फोल्डर केलं आणि नाव दिलं, ‘हो’. पाठवायला गेली, तर सॉफ्टवेअर ऐकेना. रिकामं फोल्डर ते नेत नाही. आत काहीतरी हवं. काय घालावं? मग तिला सुचलं आणि कान लाल झाले. जपून ठेवलेला त्याचा सगळा आवाज तिनं त्यात घातला. पहिल्या शिंकेपासून पॅसेजमधल्या बोलण्यापर्यंत. बघ, मी तुझं काहीच फेकलं नाही, असं तिला म्हणायचं होतं.

सॉफ्टवेअरनं विचारलं, कुणाला दिसावं? तेवढ्यात बाहेरून मालकांची हाक आली, “अगं, ती मंडळी फिल्म बघायला आलीत, ये लवकर!” जी खूण आधीच केलेली होती तिच्यावरच तिनं ‘ठीक’ म्हटलं आणि धावत बाहेर गेली. सॉफ्टवेअर तसंच उघडं राहिलं.

शिडी तेव्हा कुठल्याशा डोंगराळ भागात चित्रणाला गेला होता, मशीन घरी बंद. ती वाट बघत राहिली. आज बघेल, उद्या बघेल. वाट बघण्यातही एक गोडी होती.

ती गोडी वहिनीनं मोडली, अगदी नकळत. ऑफिसातून आली तीच हसत. “ऐक गं हे! आमच्याकडे सगळे पोट धरून हसतायत. ‘कॅमेरामनचे चाळे’ म्हणून फिरतंय.” आणि वहिनीच्या फोनमधून आवाज आला, “मामा कसला, रोडरोलर आहे नुसता!”

तिला आधी वाटलं, आपल्याच डोक्यात वाजलं. वहिनी सांगत होती, “शेवटी तर तो कुणा कात्रीला मागणी घालतो. बिचारी कोण असेल ती...” आणि नणंदेचा चेहरा बघून वहिनी बोलता बोलता थांबली.

तिनं स्टुडिओ गाठला. पडद्यावर सॉफ्टवेअर अजून इमानेइतबारे वाटप करत होतं. कुठल्या कुठल्या अनोळखी नावांनी ते फोल्डर नेलं होतं, आणि नेणाऱ्यांकडून आणखी कुणी. तिनं खटकन बंद केलं. आग लागलेल्या घराला कडी घालावी तसं. शिडीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तो उचलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक तरुण मुलगी स्टुडिओत आली. तिला बघताच कात्रीनं ओळखलं, कारण तो चेहरा तिनं दिवसचे दिवस पडद्यावर पाहिला होता. पॅसेजमधल्या लग्नाची नवरी. आता साध्या कपड्यांत, डोळ्यांखाली काळं.

“ताई, ते फिरतंय ते तुम्ही ऐकलंत?”

“कॅमेरामनचं ना? हो... मी—”

“त्याचं नाही. माझं.”

कात्रीनं हेडफोन चढवला आणि ते लावलं. शिडी म्हणत होता, मला तुझ्याबरोबर राहायचंय. आणि त्याच्या बरोब्बर मागे, बंद होत आलेल्या दारातून, दोन बायकी आवाज येत होते. “गोळी घेतलीस ना? स्टेजवर फिट आली तर?” “नाही गं येणार. आणि आली तर त्याला माहीत आहे, तो धरेल मला. सासूबाईंना मात्र कळू देऊ नकोस एवढ्यात. तो म्हणालाय, सावकाश सांगू...”

तिनं हेडफोन काढला. कितीदा ऐकलं होतं हे! पंख्याची कुरकुर, लांबचा हॉर्न, सगळं टिपणारे तिचे कान. आणि हे तिला एकदाही ऐकू आलं नव्हतं. तिला फक्त त्याचा आवाज ऐकायचा होता.

“दिराच्या मित्रानं जेवताना लावलं,” नवरी सांगत होती. “सगळे हसत होते. सासूबाईंनी माझा आवाज ओळखला. फसवून लग्न केलं म्हणतात. मी आता आईकडे आहे. नवरा वाईट नाही हो. रोज येतो, खाली उभा राहतो. पण दोन्हीकडून ओढाताण चाललीय त्याची.” तिनं टेबलावरच्या हेडफोनकडे बघितलं. “ते काढून टाकता येईल का?”

“नाही,” कात्री म्हणाली. “गेलंय ते बाहेर. कुणाकुणाकडे आहे, मलाही नाही सांगता येणार.”

“मग माझा तेवढा आवाज तरी? तुम्ही कापता ना?”

“दोन्ही आवाज एकावर एक आहेत. तुमचा काढायला गेले तर त्याचाही जातो. आणि इथे कापून काय उपयोग? लोकांकडे आहे ते आहेच.” हे बोलताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

मालक दारात उभे होते. ते नवरीसमोर हात जोडून म्हणाले, “त्या शिडीला मी काढलाय, मुली. काल फोन करून कबूल झाला, सगळं माझ्याच हातून झालं म्हणून.”

कात्रीनं मान वर केली. “तो खोटं बोलला. त्यानं काही केलं नाही. मी पाठवलं. त्यानं मला शंभरदा बजावलं होतं, तरी मी न बघता पाठवलं.” मग नवरीकडे वळून म्हणाली, “माझ्यामुळे झालं. माझं लक्ष माझ्या सुखाकडे होतं.”

नवरीनं तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला तो आवडतो,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. मग ती उठून गेली.

मालक स्टुलावर बसले. “तू खरं बोललीस ते बरं केलंस. पण पोरी, तुझा आवाज कुणी ऐकलेला नाही, त्याचा सगळ्यांनी ऐकलाय. त्याला आता आपल्या घरातल्या लग्नात कोण पाऊल टाकू देणार?”

ती नवरीच्या सासूकडेही जाऊन आली. वहिनी बरोबर होती. सासूबाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही तुमचं काम सांभाळायला हवं होतंत. माझं घर माझं मी बघते.” आणि दार लावून घेतलं. परत येताना वहिनी तिचा हात धरून चालत राहिली.

शिडी आला तो स्टुडिओचा कॅमेरा परत करायला. या वेळी दारात वाकून आला. चेहरा उतरलेला.

“फोन का नाही उचललास?” तिनं विचारलं.

“काय बोलणार होतो? चहाच्या टपरीवर पोरं माझी नक्कल करत होती. मी जे तुला... फक्त तुला...” तो स्टुलावर बसला. “मला वाटलं, तू थट्टा केलीस माझी.”

“तरी दोष स्वतःवर घेतलास?”

“मग काय तुझ्यावर येऊ देऊ?”

ती त्याच्या समोर उभी राहिली. तो बसलेला होता, म्हणून पहिल्यांदाच दोघांचे डोळे एका रेषेत आले होते. “मी त्या फोल्डरला नाव दिलं होतं.”

“ठाऊक आहे. ‘कॅमेरामनचे चाळे’.”

“ते लोकांनी ठेवलं. मी ठेवलं होतं... ‘हो’.”

त्यानं हातातला कॅमेरा हळूच खाली ठेवला.

“रिकामं जाईना रे ते. म्हणून तुझं जे जे जपलं होतं ते आत घातलं. तुला कळावं म्हणून, की मी काही फेकलं नाही. आणि ती मेली खूण बदलायची विसरले. माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्याच दिवशी हे तोंडानं म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.”

त्यानं तिचे दोन्ही हात धरले, आपल्या कपाळाला लावले आणि तसाच बसून राहिला. त्याचे खांदे हलत होते. “वेडी,” तो म्हणत होता. “वेडी आहेस तू.” हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाही कळत नसावं.

मग डोळे पुसून म्हणाला, “काल मी ते परत ऐकलं. मला माझं बोलणं ऐकूच येत नाही आता. त्या मुलीचंच येतं. ‘तो धरेल मला’ म्हणते ना, तेच.”

“मलाही.”

“नवी नोकरी मिळालीय. जमिनीखालचे मोठे पाइप असतात ना पाण्याचे, त्यांत कॅमेरा सोडून तडे शोधायचे. लांब आहे. पाइपात कुणी नसतं, आणि मीही काही बोलणार नाही.”

“मी येते.”

“ये म्हणावंसं वाटतं गं. जीव तुटतो. पण ती तिकडे आईकडे बसलीय, तिचा नवरा रस्त्यावर उभा राहतो, आणि आपण दोघं त्याच आवाजावर संसार मांडायचा? तुला जमेल?”

तिला भांडायचं होतं. जमेल, म्हणायचं होतं. पण हो म्हणायला तोंड उघडलं आणि तिला खोटं बोलता आलं नाही. तिनं मान हलवली – नाही.

“तुझ्याकडचं तरी पुसून टाक,” तो म्हणाला. “आपल्याकडून तरी ते पुढे जायला नको.”

तिनं फोल्डर निवडलं. मशीननं विचारलं, नक्की पुसायचं? त्याचा हात तिच्या हातावर होता. दोघांनी मिळून ‘होय’ दाबलं. मग त्यानं ते सॉफ्टवेअरच मशीनवरून काढलं, केबल गुंडाळून जागेवर ठेवली आणि वाकून दारातून बाहेर पडला. ती त्याच्या मागे गेली नाही. ऊर फुटेल असं रडली मात्र, आणि बाहेर मालकांनी आलेल्या गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगितलं, उद्या या.

वर्ष उलटलं. वहिनी स्थळं सुचवायची, ती नको म्हणायची. नवरी अजून आईकडेच होती. शिडीचा फोन आला नाही, तिनंही केला नाही. कधी कधी तो नेमका कसा बोलायचा ते आठवायचा ती प्रयत्न करायची, आणि शब्द आठवायचे पण आवाज यायचा नाही. तो हरवत चालल्याचं तिला कळत होतं.

एकदा दादाच्या चष्म्यासाठी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसली होती. शेजारी एक गृहस्थ फोनवर काही ऐकत हसत होते. आणि त्या फोनमधून...

“मी बाहेर बसलोय, पाय दुमडून, कारण पाय ठेवायला जागाच नाही. ऐक.”

तोच आवाज. तसाच खालचा, तसाच नाकातला. तिच्याकडे नसलेला, आणि या अनोळखी माणसाच्या खिशात असलेला. तिनं डोळे मिटून घेतले. अजून थोडं, एवढंसं. तो क्षण पकडायचं बोलला. तिच्या दारात डोकं आपटल्याचं बोलला. काढायला कुणी नव्हतं, असं म्हणाला आणि थांबला. तिला ठाऊक होतं, आता तो काय म्हणणार. आणि हेही ठाऊक होतं की त्याच्या मागे आता कोण बोलणार.

“ते बंद करता का?” तिनं डोळे उघडले.

“अहो, पुढेच तर मजा आहे! आता तो पोरीला म्हणतो बघा—”

“मला माहीत आहे तो काय म्हणतो. त्याच्या मागे एक मुलगी बोलते. तिची खाजगी गोष्ट आहे ती. आपण ऐकू नये.”

गृहस्थांनी गोंधळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी घाईघाईनं बोट टेकवलं आणि आवाज थांबला.

“पुसून टाकू का?” त्यांनी विचारलं.

“टाका,” ती म्हणाली.